फ्लुमेथ्रिन १ टक्का पोर-ऑन: सीमा ओलांडणाऱ्या कळपाला कितपत पुरतं?

गोठ्यात बांधलेल्या जनावरावर गोचीडनाशक जोखणं सोपं. चाऱ्यापाण्यामागे दरवर्षी एका देशातून दुसऱ्या देशात चालत जाणाऱ्या कळपाचं गणित निराळं आहे. तिथे बघायचं ते एवढंच की रक्त पिऊन टरारलेली गोचिडीची मादी सीमेपलीकडे गळून पडते की नाही. या कसोटीवर पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन चांगलं ठरतं, पण वेळ आणि माप दोन्ही पाळलं तरच.

वेळ आधी. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड अळी म्हणून अंगावर चढते आणि साधारण २१ दिवस त्याच जनावरावर राहून, रक्त पिऊन गळून पडते. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या गवताच्या शेंड्यावर काही महिने उपाशी तग धरतात. तीन आठवड्यांत कळप कुठल्या कुठे पोचलेला असतो. पश्चिम आफ्रिकेत हेच झालं. ब्राझीलमधून आणलेल्या गाईंबरोबर ही गोचीड आयव्हरी कोस्ट आणि बेनिनमध्ये उतरली आणि पुढे बुर्किना फासो, मालीपर्यंत गेली. त्यात चालत्या कळपांचा वाटा मोठा.

म्हणून पहिली मात्रा निघण्याच्या तीन आठवडे आधी आणि दुसरी सीमा ओलांडण्याच्या तीन-चार दिवस आधी द्यावी. सर्रास दिसतं ते उलट: नाक्यावर पोचायच्या दिवशी सकाळी ओतायचं आणि पुढे हाकायचं. औषध कातडीवरच्या तेलकट थरातून पसरतं. पाठीवरून कासेपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, तोवर भरलेल्या माद्या पलीकडच्या कुरणात पडलेल्या असतात. फ्लुमेथ्रिनची एक जमेची बाजू अशी की त्यातून वाचलेल्या मादीची अंडीही कमी होतात आणि कमी उबतात. पण केवळ त्या भरवशावर कळप हाकू नये.

माप १० किलो वजनाला १ मिली. वजन नजरेने ठरवलं की हमखास कमी धरलं जातं. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६० आणि लांबी ५० इंच असेल तर वजन सुमारे २७३ किलो, म्हणजे २७ मिली औषध. वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत, नळीच्या टोकाने केस फाकवत बारीक धार सोडा. एकाच जागी ओतलं तर अर्धं बरगडीवरून ओघळून जमिनीवर जातं. अंग कोरडं हवं. चिखलाचा थर असेल तर आधी खरवडा. औषध ओतल्यावर लगेच जनावर ओढ्यात घालू नका, हे औषध माशांना अतिशय विषारी आहे.

कमी कुठे पडतं? कानाच्या आत, शेपटीखाली, कास आणि मांडीच्या बेचक्यात. हायलोमा जातीच्या मोठ्या, पट्टेरी पायांच्या गोचिडी नेमक्या तिथेच बसतात. दुसऱ्या मात्रेनंतर दोन दिवसांनी तिथे हात फिरवून बघा. उरलेल्या गोचिडी हातमोजे घालून चिमट्याने काढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका, क्रिमियन-काँगो हा गोचिडींतून येणारा विषाणूजन्य ताप माणसाला असाही लागतो.

खरी अडचण प्रतिकाराची. आठवड्यानंतरही जिवंत, वाढत्या गोचिडी दिसल्या तर आधी माप तपासा. माप बरोबर असेल तर औषधाचा गट बदला. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन सोडून फ्लुमेथ्रिन घेणं हा बदल नव्हेच, तिन्ही एकाच गटातली. हा घोळ फार होतो आणि महागात पडतो.

तिथे अमिट्राझ १२.५ टक्के हे वेगळ्या गटातलं, पाण्यात मिसळून फवारायचं औषध उपयोगी पडतं: लिटरला २ मिली, आणि मोठ्या जनावराला पोटाखालूनही चिंब भिजेल इतकं, म्हणजे तीन-चार लिटर द्रावण. एका लिटरात भागवलं तर कास कोरडीच राहते. वाटेत एवढं पाणी मिळत नाही, म्हणून चालत्या कळपाला पोर-ऑनच सोयीचं. शिवाय सामान वाहणारे घोडे आणि गाढवं कळपात असतील तर अमिट्राझचा त्यांना स्पर्शही नको. त्यांच्या आतड्याची हालचाल मंदावून जीवघेणी पोटदुखी होते. फवारणीची जागा वेगळी ठेवा आणि उरलेलं द्रावण त्यांच्या पाण्याच्या वाटेवर ओतू नका.

फ्लुमेथ्रिनला गोचिडीसाठी पाचपैकी चार गुण. पण गोचिडीमुळे अंगात आधीच शिरलेल्या बबेसिया किंवा थायलेरिया या रक्तातल्या परजीवींवर याचा काहीही परिणाम नाही. लाल लघवी, १०४ अंशांच्या वरचा ताप किंवा सुजलेल्या लसिका गाठी दिसल्या तर ते जनावर मागे ठेवून पशुवैद्यकाला दाखवा.