राजवाड्यामागचं बाइंडिंगचं दुकान, इंदूर : पाचपैकी चार तारे

विधी आयोगाच्या दोन अहवालांचे झेरॉक्स शिवायला दिले होते. २००३ चा १८७ वा, ज्यात फाशीसोबत विषारी इंजेक्शनचा पर्याय सुचवलाय. आणि २०१५ चा २६२ वा, ज्यात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी मृत्युदंडच रद्द करा म्हटलंय. काम पक्कं आहे. दोऱ्याची शिवण, पाठीला तांबडं कापड, वही सपाट उघडते. कटिंगमध्ये मात्र समासातल्या माझ्या पेन्सिलच्या नोंदी गेल्या. एक तारा त्याचा कमी.

पानं जुळवताना काकांनी विचारलं, "ताई, इंजेक्शननं माणूस सुखानं जातो का हो?" मी म्हटलं, अमेरिकेत शीर सापडेना म्हणून दोन तास टोचून कैद्याला परत कोठडीत नेलंय. काकांची सुई कापडातच थांबली.

मलाही हेच खुपतं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीची पद्धत वैध ठरवली, तरी वाद दोर की सुई यावरच फिरत राहतो. "मृत्युदंडाचा निकालच चुकला असेल तर?" हा प्रश्न मागे पडतो.

दुसरी प्रत टाकलीय. कटिंग करू नका, असं वर लिहून दिलंय.