फेन्सिंग लावू का मर्दानी खेळ? कोल्हापुरातल्या आईबापांसाठी

शिवजयंतीची मिरवणूक बघून आलं की पोरगं घरात झाडूचा दांडा फिरवायला लागतं आणि मग आईबापांचा प्रश्न येतो की ह्याला पेठेतल्या वस्तादांकडं मर्दानी खेळ, म्हणजे लाठी-तलवारीची आपली जुनी युद्धकला, शिकायला पाठवू का फेन्सिंगच्या, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या तलवारबाजीच्या, क्लासला घालू. दोन्हीकडं तलवार आहे म्हणून एकच समजू नका, लई फरक आहे. मी दोन्हीकडच्या पोरांसाठी छोटे छोटे खेळ तयार करत असतो, त्यामुळं हा फरक जवळनं दिसतो.

फेन्सिंगमध्ये पहिल्यापासनं समोर माणूस असतो आणि त्याला फसवायचं असतं. खेळायला 14 मीटरची पट्टी, सुरुवातीच्या फेरीत 5 टच (तलवार नेमकी लागली की एक टच) किंवा 3 मिनिटं, पुढं बाद फेरीत 15 टच. तलवारी तीन प्रकारच्या, फॉइल, सेबर आणि इपी. फॉइलला फक्त धड, सेबरला कमरेच्या वरचं सगळं, डोकं-हात धरून, आणि इपीला अंगावर कुठंही लागलं तरी गुण. घोळ होतो तो फॉइल-सेबरच्या नियमाचा, म्हणजे दोघांचा टच एकदम लागला तर ज्यानं हल्ला आधी सुरू केला त्याला गुण, दुसऱ्यानं आधी वार अडवायचा आणि मगच उलटा मारायचा. आठ वर्षाच्या पोराला हे सांगून काय कळणार! म्हणून मी तलवारी बाजूला ठेवायला लावतो आणि जोडीला एक चेंडू देतो, ज्याच्या हातात चेंडू त्यानंच समोरच्याला शिवायचं, समोरच्यानं चेंडूवर टपली मारली की चेंडू त्याचा आणि डावही त्याचा. थोड्या वेळात पोरं स्वतःच भांडायला लागतात, "ए, चेंडू माझ्याकडं होता की!" झालं, नियम डोक्यात बसला.

मर्दानी खेळाचं उलटं आहे. आधी पवित्रे, मग लाठी, आणि बराच काळ समोर कुणीच नसतं. दांडपट्टा, म्हणजे लांब लवचिक पात्याची तलवार, तर फार पुढची गोष्ट, त्याचा खोबळा, म्हणजे मुठीवरचं आवरण, हाताला कोपरापर्यंत झाकतो त्यामुळं मनगट वळतच नाही, सगळा फिरकीचा जोर खांद्या-कमरेतनं काढावा लागतो. 2024 ला सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं तेव्हापासनं पोरांना तोच पहिल्या दिवशी हवा असतो, वस्ताद देत नाहीत आणि बरोबरच करतात. पण नुसती लाठी फिरवून काही पोरं कंटाळतात हे खरं. तिथं हलगी कामाला येते, हलगी वाजतीय तोवर फिरवायचं, थांबली की आहे त्या पवित्र्यात थिजायचं, जो हलला तो बाहेर. आणि फरी-गदका चुकवू नका राव! चामड्याची ढाल आणि कातडी चढवलेली काठी, खरी जोड इथं लागते. लहानांना मी स्पंज गुंडाळलेली काठी देतो आणि एकच नियम, ज्याला लागलं त्यानंच "लागला" म्हणून ओरडायचं. पंच नाही. जिथं फरी-गदका खेळवतच नाहीत, फक्त मिरवणुकीचं प्रात्यक्षिक बसवतात, तिथं पोरगं कसरत शिकेल, लढत नाही.

खर्चाचं बोलायचं तर फेन्सिंगचं किट महाग, मास्क, जॅकेट, ग्लोव्ह, वायर, वर पोरगं वाढलं की परत नवीन. लाठीला तसं काही नाही. उलट स्पर्धेची शिडी फेन्सिंगला आहे, शालेय स्पर्धांपासनं थेट ऑलिम्पिकपर्यंत, चेन्नईची भवानी देवी 2021 ला टोकियोत सेबर खेळली आणि पहिली लढत 15-3 जिंकली, भारताकडनं ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली फेन्सर.

माझं मत विचाराल तर दहाच्या आतलं पोर असेल तर आधी लाठीला घाला, दोन्ही हात चालतात, हलगीमुळं ताल येतो. फेन्सिंगमध्ये एकच हात आणि एकच पाय पुढं, अंग एका बाजूनं घडतं. पण ज्याला कॅरममध्ये हरलं तरी परत डाव मांडायचा असतो त्याला थेट फेन्सिंगलाच पाठवा, त्याला नुसत्या फिरकीत करमणार नाही. डावखुरं असेल तर अजूनच बरं, समोरच्याला डावखुऱ्याची सवय नसते.

पैसे भरायच्या आधी एकदा जाऊन बघा. आखाड्यात दोन पोरांच्या लाठ्या एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत एवढी जागा आहे का, आणि क्लासचे मास्क हातात घेऊन बघा, जाळीला खड्डा किंवा गंज दिसला तर तो मास्क पोराला घालू देऊ नका.