डागसुद्धा छापलेला निघाला

नांदेडच्या आमच्या घरात बैठकीची एक भिंत हास्यचित्रांची आहे. शि. द. फडणीस, लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, मारिओ मिरांडा. सगळ्या आत्ताच्या छपाईच्या प्रती, चारशे-पाचशे रुपयांच्या. नव्या म्हणून विकल्या, नव्या म्हणून घेतल्या. पाहुणा आधी तिथं उभा राहून हसतो, मग चहाला बसतो.

फसलो ते जुन्या काळचे क्रिकेटपटू रणजी म्हणजे रणजितसिंहजी यांच्यापायी. लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात १८६९ पासून रंगीत शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, अर्कचित्रं येत. 'स्पाय' या नावानं चित्रं काढणाऱ्या लेस्ली वॉर्ड यांनी २६ ऑगस्ट १८९७ च्या अंकात रणजितसिंहजींना काढलं. वडिलांच्या तोंडी सतत रणजीचं नाव असायचं, त्यामुळे फेसबुकवर 'अस्सल, एकच प्रत' असं दिसल्यावर मला दम निघाला नाही. साडेबारा हजार रुपये यूपीआयनं पाठवले. चित्र फ्रेममध्ये पक्कं बंद होऊन आलं, सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. 'फ्रेम उघडू नका, हवा लागली की कागद खराब होतो,' असंही विक्रेत्यानं बजावलं होतं. तिथंच शंका यायला हवी होती.

आठवड्यानं सराफा दुकान असलेला मित्र घरी आला. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यात ठिपक्यांची फुलं दिसायलीत. आपल्या लग्नपत्रिकेसारखंच छापलंय हे."

फ्रेम उघडली. जुन्या शिळाछापात ठिपके हातानं दिलेले, वेडेवाकडे असतात. इथं ते शिस्तीत, गोल गोल फुलांसारखे बसले होते. डाव्या कोपऱ्यातल्या ज्या तपकिरी डागावर मी भाळलो होतो, त्याच्यातही तीच फुलं. मधल्या घडीवरून बोट फिरवलं तर कागद सपाट. घडीचंही चित्रच! मग शेजारच्या कापड दुकानातला नोटा तपासायचा दिवा आणून धरला. कागद निळा-पांढरा चमकला. ही चमक आणणारी रसायनं विसाव्या शतकात कागदात आली, १८९७ चा कागद असा चमकत नाही.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला बघतो, मग नंबरच बंद. लाजेपोटी मी नऊ दिवस कुणाला बोललो नाही. शेवटी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, तोवर त्या खात्यातून पैसे निघून गेले होते. पैशापेक्षा वडिलांच्या फोटोशेजारी तो कागद टांगला होता, याचा त्रास जास्त झाला.

अशी जुनी प्रत घेणार असाल तर आधी फ्रेमबाहेर काढून भिंगातून घेतलेला जवळचा फोटो मागा, आणि मागची कोरी बाजूही दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका.

परवा लातूरच्या एका गृहस्थांनी आपला नवा रणजी फेसबुकवर टाकला. डावा कोपरा, तोच डाग. मी त्यांना लगेच कळवलं: आजच, आत्ताच १९३० ला फोन करा.