लॅपटॉप की डेस्कटॉप? फुगलेल्या बॅटरीनंतरचं माझं मत

दोन्ही वापरून झालेत, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडीचे आकडे तुम्ही पाहिलेच असतील, ते पुन्हा उगाळत नाही. एवढंच सांगतो की नाव सारखं म्हणून वस्तू सारखी नसते. आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाचं नाव दोन्हीकडे दिसतं, पण डेस्कटॉपच्या कार्डावर 24 जीबी मेमरी आणि 450 वॉटची मुभा. लॅपटॉपमध्ये 16 जीबी आणि वीज निम्म्याहून कमी. पातळ डब्यातून एवढी उष्णता बाहेर काढणार कुठून? अर्थात, पत्रं लिहिणाऱ्याला याचं काही नाही, व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला आहे.

माझं काम लिखाणाचं, जोडीला थोडं फोटो एडिटिंग. ‘कधी बाहेर न्यावा लागला तर’ म्हणून मी लॅपटॉप घेतला. महिन्याभरात मान धरली, म्हणून स्टँड आला. स्टँडवर चढवल्यावर कीबोर्ड हाताला येईना, म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस. मग मॉनिटर, मग हे सगळं जोडायला जास्तीच्या पोर्टांचा हब. चार्जर तर कायमचाच लावलेला. तीन वर्षांत तो टेबलावरून किती वेळा उठला ते बोटांवर मोजता येईल. डेस्कटॉपच झाला होता तो, फक्त पोटात बॅटरी असलेला.

आणि घोळ त्या बॅटरीनेच घातला. आधी टचपॅडचं क्लिक जड झालं. कचरा अडकला असेल म्हणून कडेने ब्रश फिरवला. काही दिवसांनी ते दाबलंच जाईना. एकदा लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवला, तर बोट लागताच भोवऱ्यासारखा गोल फिरला. उलटा करून तळावर स्टीलची पट्टी धरली: मध्ये टेकलेली, दोन्ही टोकांखालून उजेड. स्क्रू काढून पाहतो तर आत सेल उशीसारखे टम्म. लिथियम-आयन बॅटरी कायम 100 टक्के भरलेली आणि वर गरम राहिली, की आतल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो. सेलचं पाकीट बंद, वायूला वाट नाही, मग ते फुगतं. (असं दिसलं तर चार्जर काढा, मशीन बंद करा, आणि दाबून किंवा टोचून बघायला जाऊ नका.)

चार्ज 80 टक्क्यांवर अडवायची सेटिंग त्यात होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा चूक माझीही आहे. पण सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बॅटरी वरच्या भागाला चिकटवलेली आहे, कीबोर्डसकट सगळं बदलावं लागेल, आणि पार्ट यायला पंधरा दिवस. म्हणजे न वापरलेली बॅटरी फुगली म्हणून न वापरलेला कीबोर्ड बदलायचा! माझं मन तिथेच उडालं.

डेस्कटॉप बिघडत नाही असं नाही. माझ्या टॉवरचा पॉवर सप्लाय एका सकाळी गेला. पण डेस्कटॉपच्या भागांचं एटीएक्स हे ठरलेलं माप इंटेलने 1995 मध्ये आणलं आणि ते अजून चालतंय, त्यामुळे त्या मापाचा कुठल्याही कंपनीचा सप्लाय बसतो. चार स्क्रू, 24 पिनांचा मोठा प्लग, दोन-तीन छोटे, की झालं. दुपारी मी पुन्हा कामाला बसलो होतो. फक्त आळस करून जुन्या सप्लायच्या सुट्या वायरी नव्याला जोडू नका. प्लग बसला तरी पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते, आणि मग सप्लाय नवा पण हार्ड डिस्क जळालेली, अशी गत होते.

डेस्कटॉपचे त्रास वेगळे. वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं, म्हणून यूपीएस घ्यावा लागतो. कॅमेरा नाही, माइक नाही, काही मदरबोर्डवर वायफायही नसतं. पहिल्या मीटिंगमध्ये सगळे मला ‘आवाज येत नाही’ म्हणत होते, येणार कुठून? शांततेतही लॅपटॉप पुढे जाऊ शकतो. 2020 च्या एम1 मॅकबुक एअरला पंखाच नाही, माझा टॉवर मात्र रात्री ऐकू येतो.

मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला डेस्कटॉप, हा मधला मार्ग. आत बहुधा लॅपटॉपचाच प्रोसेसर, पण बॅटरी नाही. जागा कमी असेल तर जरूर बघा, फक्त रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावर कायमची डकवलेली नाही ना, ते विचारून घ्या.

तुमचं काम वेगळं असेल, मी फक्त माझ्या टेबलाचं सांगतोय. पण गेल्या महिन्यात चार्जर न लावता किती तास काम केलंत, ते आठवून बघा. माझं उत्तर शून्य होतं. आठवड्यातून दोनदा जरी बॅग भरावी लागत असेल, तर मात्र माझं ऐकू नका, लॅपटॉपच घ्या. आणि पहिल्याच दिवशी ती 80 टक्क्यांची सेटिंग शोधून ठेवा.