वाढीव वॉरंटी घ्यावी की ओळखीचं गॅरेज धरावं?

वॉरंटी संपली आणि लगेच गाडीने खर्च काढला, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कंपन्या मुद्दाम तसेच पार्ट बनवतात, हा संशय त्यातूनच येतो. मला तो पुरता पटत नाही. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किमीवरून ३ वर्षं किंवा १ लाख किमी केली. मॉडेलं तीच होती. पार्ट दोन वर्षांत मोडावेत म्हणूनच बनवले असते, तर कंपनीला हे परवडलं नसतं. संशय घ्यायचाच तर दुरुस्तीच्या अडवणुकीवर घ्या. बाहेरच्या गॅरेजना सुटे पार्ट मिळू न देण्यावरून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

रबर-प्लॅस्टिक मात्र गाडी उभी असली तरी कडक होतं. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीला बारीक चीर जाते, कूलंट थेंब थेंब गळतं आणि लक्ष गेलं नाही तर इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या आतलं सील, जातं. टाकी स्वस्तात बदलते, इंजिन उघडायला घसघशीत पैसे लागतात.

वाढीव वॉरंटीचा, म्हणजे मूळ वॉरंटीनंतरच्या वर्षांसाठी वेगळे पैसे भरून घेतलेल्या वॉरंटीचा, खरा आधार गिअरबॉक्स, टर्बो, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) अशा महागड्या कामांना. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, वायपर त्यात येत नाहीत, रबरी पार्टही बहुधा नाहीत. एखादी सर्व्हिस चुकली असेल तर क्लेम अडकतो. शिवाय ती सहसा मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते.

ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जाण्याचा फायदा त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) चार्जिंग करेना, तर सर्व्हिस सेंटर बहुतेकदा अख्खा बदलायला सांगतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तो खोलून कार्बन ब्रश किंवा बेअरिंग बदलतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत पार्टही मिळतात, पण डुप्लिकेट माल ओळखणारा माणूस सोबत हवा. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं (ऑटोमॅटिकचा एक प्रकार) काम मात्र प्रत्येकाच्या हातचं नाही.

म्हणून टर्बो किंवा ऑटोमॅटिक गाडी असेल आणि ती आणखी चार-पाच वर्षं ठेवणार असाल, तर वाढीव वॉरंटी घ्याच. साधी पेट्रोल मॅन्युअल असेल, वापर कमी असेल आणि भरवशाचा मेकॅनिक असेल, तर तेच पैसे मी बाजूला ठेवीन. घेणार असाल तर पैसे भरण्याआधी अटींची पुस्तिका मागून घ्या आणि काय कव्हर होत नाही ते पान आधी वाचा.