इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांसाठीची कार्यशाळा : सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

मी पलूस तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल शिकवते. सांगलीत उन्हाळी सुट्टीत सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा झाली, तिला मी गेले होते. आता दुसरं सत्र निम्मं सरलंय. वर्गात काय टिकलं आणि काय गळून गेलं हे आत्ता नीट सांगता येतं, म्हणून लिहिते.

आधी सलग दोन दिवस, नंतर महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी बैठक, असं स्वरूप होतं. बैठकीला येताना आपल्या वर्गातलं काहीतरी आणायचंच : मुलांच्या वह्या, फळ्याचा फोटो, रंगलेला किंवा न रंगलेला तास. माझ्या मते सगळी किंमत या शनिवारांची आहे. नुसत्या दोन दिवसांवर भागवलं असतं तर फाईल कपाटात गेली असती.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो मौखिक साधनांच्या सत्राचा. आठवीच्या पुस्तकात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या काळात सातारा-सांगली भागात लोकांनी चालवलेलं समांतर सरकार, थोडक्यात येतं. आमच्याकडे तर त्याचं केंद्र असलेलं कुंडल हाकेच्या अंतरावर. त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्याचं लढाऊ दल असलेल्या तुफान सेनेचं नाव घराघरांत आहे. मुलांना आजी-आजोबांकडून माहिती आणायला मी पूर्वीही सांगायची, आणि मुलं गोष्टी आणायचीही. कार्यशाळेत मार्गदर्शक बाईंनी एक साधी गोष्ट करायला लावली : वहीत दोन रकाने आखायचे, एक 'स्वतः पाहिलेलं', दुसरा 'ऐकलेलं'. सांगणाऱ्याचं जन्मसाल वर लिहायचं.

वर्गात एका मुलीनं एक हकीकत आणली : ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं सरकारी पगाराची रेल्वेगाडी लुटली, ती. आजोबांनी डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगितलेली, म्हणून तिनं पहिल्या रकान्यात लिहिली. शेजारच्या मुलानं जन्मसाल वाचलं : १९५१. वर्ग एकदम गप्प झाला. ती दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारून आली. त्यांच्या वडिलांनी ती इतक्यांदा सांगितली होती की आता आपणच पाहिल्यासारखी वाटते, असं ते म्हणाले. तिनं पहिल्या रकान्यातली हकीकत दुसऱ्यात नेली आणि खाली लिहिलं, 'पण आजोबांना खरी वाटते.' साधनांची चिकित्सा मी इतकी वर्षं फळ्यावर व्याख्या लिहून शिकवत होते, ती मुलांनी त्या दोन दिवसांत स्वतः केली.

भूगोलाचं सत्रही चांगलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, एवढं सांगून आम्हाला गावातल्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा टेपनं मोजून नकाशावर मांडायला लावल्या. नववीला मी हेच दिलं. समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) म्हणजे काय हे ज्यांना दोन वर्षं कळत नव्हतं, त्यांना आपल्या गल्लीत पाणी आधी का शिरलं हे शोधताना कळलं.

नागरिकशास्त्रातली ग्रामसभेची नाटिका बरी. संगणकाचं सत्र मात्र वाया गेलं. तिथल्या प्रोजेक्टरवर सगळं छान दिसलं, आमच्या शाळेत नेट सलग चालत नाही आणि वर्गात साठ मुलं. एका वक्त्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वाचूनच दाखवलं. शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं त्यात म्हटलंय, पण ते तास काढायचे कुठून यावर एक शब्द नाही. आमचा शनिवारचा प्रवास आणि शाळेतल्या तासांची अदलाबदल सांभाळताना मुख्याध्यापकांची समजूत काढावी लागली, तीही ज्यानं-त्यानं आपापली.

वेळेचं गणितही मांडून ठेवा. या पद्धतीनं दोन तासांचा धडा चार तासांवर जातो. दहावीला लेखी परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्राला ४० गुण, भूगोलाला ४०. दिवाळीनंतर तिथे हे करायला जागाच उरत नाही. मी आठवी-नववीला भरपूर करते, दहावीला पहिल्या सत्रात क्षेत्रभेटीच्या पाठापुरतं.

इथलं प्रमाणपत्र शिक्षकांच्या वरिष्ठ किंवा निवड वेतनश्रेणीला चालत नाही, त्यासाठीचं शासनाचं प्रशिक्षण वेगळं. तेवढ्यासाठी जाणाऱ्यांनी जाऊ नये. बाकी कोणी पुढच्या बॅचला नाव देणार असेल, तर आयोजकांना आधी एवढंच विचारा की शनिवारच्या बैठका यंदाही आहेत का. असतील तर एकट्यानं जाऊ नका, आपल्या शाळेतला किंवा शेजारच्या गावातला एक सहकारी सोबत घ्या. वर्गातलं दाखवायला आणि विचारायला माणूस जवळ लागतो.