अकरा महिने, ६,४०० किलोमीटर आणि हँडलवरचा डबा

आधी दोन वर्षं मी सायकलला मोबाईलच लावत होतो. हँडलला क्लॅम्प, क्लॅम्पमध्ये फोन, फोनवर ऊन. नकाशा चालू ठेवला की चार तासांत बॅटरी खलास, आणि मग उशीर झाला तर घरी कळवायचीही सोय नाही. शेवटी बायकोच म्हणाली, ‘घ्या एकदाचा तो डबा, पण फोन चालू ठेवा.’ साडेअकरा हजारांचा जीपीएस सायकल कॉम्प्युटर घेतला. त्याला आज अकरा महिने झाले. कंपनीचं नाव देत नाही. एक तर पुढे थोडी तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे या किमतीतले बहुतेक डबे एकाच माळेचे मणी आहेत.

मी हिशेबाच्या कामातला माणूस, टॉवेलच्या युनिटमध्ये. आकडा दिसला की ताळा करायचा, ही सवय. तेव्हा हा अनुभव जरा आकड्यांच्याच अंगानं लिहितो.

चांगलं आधी. बॅटरी. खोक्यावर वीस तास लिहिलंय, वेगाचा सेन्सर आणि हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा जोडून, नकाशा चालू ठेवून मला चौदा मिळतात. पुरेसे आहेत. स्क्रीनवर जितकं जास्त ऊन पडतं तितकी ती स्पष्ट दिसते, हे सोलापुरात फार मोठं सुख. बटणं आहेत, टचस्क्रीन नाही. घेताना वाईट वाटलं होतं, आता नाही. घामेजल्या बोटानं टचस्क्रीन चालवून बघा म्हणजे कळेल. पाऊस तीनदा अंगावर घेतला, काही झालं नाही. तापमान मात्र त्याचं मानू नका. ऊन थेट डब्यावर पडतं, त्यामुळे एप्रिलमध्ये सकाळी नऊला तो ४६ दाखवतो.

उंची दाबावरून मोजतो, म्हणून हवा बदलली की आकडा सरकतो. यावर माझा उपाय घरगुती आहे. महिन्यातून एकदा सोलापूर स्टेशनसमोर जायचं, पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती डब्यात घालायची, कोपऱ्यावर चहा प्यायचा. तेवढं केलं की तुळजापूर घाटाचा चढ दर वेळी जवळपास सारखाच भरतो. त्या घाटात डब्यावर चढाची टक्केवारी दिसते. आधी मला ती हवीहवीशी वाटायची. आता घाट सुरू झाला की ते पान बदलतो आणि फक्त घड्याळ ठेवतो. पाय काय ते सांगतातच.

आता खरी गोष्ट. डबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मी वर्षाचं लक्ष्य टाकलं : ६,००० किलोमीटर. एक पट्टी दिसते, ती भरत जाते. या पट्टीनं मला दोन महिने अक्षरशः वेडं केलं. दिवसाचा कोटा पडला नाही म्हणून रात्री दहाला सात रस्त्याच्या आसपास फेऱ्या मारायच्या. चौथ्या फेरीला शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणाले, ‘काय हरवलंय का बे?’ काय सांगणार? पट्टीला पाच-पाच किलोमीटरचे तुकडेही चालतात. तिला काय, गल्ली आणि तुळजापूर सारखंच.

मग सरासरी वेगाच्या मागे लागलो. ते त्याहून वाईट. जून-जुलैत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून असा सुटतो की मोहोळकडे जाताना चौदाच्या वर काटा जात नाही. आकडा बिघडू नये म्हणून मी नळदुर्गच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याबरोबर, जाऊ लागलो. जाताना राजा. परत येताना मात्र तोच वारा तोंडावर, ऊन डोक्यावर, पाणी संपलेलं. शहाण्या माणसानं पावसाळ्यात आधी मोहोळकडे जावं, वाऱ्याचं देणं सकाळीच फेडून टाकावं. एवढं कळायला मला तीन रविवार लागले.

याच दिवसांत एडिंग्टन आकडा सापडला. आर्थर एडिंग्टन म्हणजे १९१९च्या सूर्यग्रहणात आइन्स्टाइनचं म्हणणं तपासणारे खगोलशास्त्रज्ञ. गृहस्थ पक्के सायकलवाले. त्यांचा हिशेब असा : तुमचा आकडा ५० म्हणजे तुम्ही किमान ५० दिवस, त्या-त्या दिवशी ५० किंवा जास्त अंतर सायकल चालवली. ५१ व्हायचा तर ५१ दिवस ५१ची भरती हवी. म्हणजे ५०ची प्रत्येक राइड एका फटक्यात बाद. एडिंग्टन यांचा स्वतःचा आकडा ८४ पर्यंत गेला होता, तोही मैलांत. आपण किलोमीटरमध्ये मोजून अंगावर मूठभर मांस चढवून घ्यायचं.

डब्यात हे आपोआप दिसत नाही. मी सगळ्या राइड उतरवून एक्सेलमध्ये टाकल्या, जुन्या मोबाईलवरच्या धरून, आणि काउंटइफ या मोजणीच्या एका सूत्रात उत्तर आलं : ४४. हे बघून बरं वाटलं. मग ४७साठी काय लागेल ते बघितलं आणि घाम फुटला. माझी लाडकी राइड नान्नजची. माळढोकच्या अभयारण्यापर्यंत जायचं, माळढोक काही दिसत नाही, काळवीट दिसतात, परत यायचं. माझ्या घरून ती भरते ४६. दोन वर्षांतल्या एकूण एक नान्नजच्या फेऱ्या ४७च्या रकान्यात शून्य!

तेव्हापासून रस्तेच बदलले. अक्कलकोट जाऊन-येऊन ऐंशीच्या आत-बाहेर, तुळजापूर नव्वदच्या पुढे-मागे. या दोन राइड बरीच वर्षं बाद होणार नाहीत, हा हिशेब डोक्यात बसला. वाऱ्याची भीती गेली, कारण वेग कुणी विचारतच नाही. रात्रीच्या गल्लीतल्या फेऱ्या बंद झाल्या. आणि सगळ्यात मोठा दिलासा म्हणजे हा आकडा कधी खाली येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ला टेकतो तेव्हा पहाटे साडेचारला निघून सातला घरात, तीस-पस्तीसवर समाधान. वर्षाच्या पट्टीनं तेव्हा मला लाल रंगात झापलं असतं. एडिंग्टन नुसता थांबून राहतो.

आता तक्रारी.

ऑटो-पॉज. तुम्ही थांबलात की घड्याळ थांबतं. मी गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची पहिली बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. मर्यादा साडेतेरा तास, आणि ती घड्याळातल्या वेळेची. तुम्ही चहा पीत असाल, पंक्चर काढत असाल, तिला देणंघेणं नाही. डबा मात्र सरासरी २०.७ दाखवत होता आणि मी निवांत. शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, कार्डावर वेळ लिहिताना डोळे उघडले. सायकल चालली होती साडेनऊ तासांच्या वर थोडी, आणि चहा, केळी, झाडाखालची पाठ टेकणं यात तीन तासांहून जास्त गेले होते. १२ तास ५० मिनिटांत पोहोचलो, पण शेवटचे तीस किलोमीटर पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे. घेतल्या दिवशी ऑटो-पॉज बंद करा. शिवाय आषाढीआधी शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते, त्या दिवशी मी वारकऱ्यांच्या मागून हळूहळू सायकल ढकलत होतो आणि हा दर दहा पावलांना ‘पीं’ करत सुरू-बंद, सुरू-बंद. एक माऊली वळून बघायला लागली तेव्हा बंदच करून टाकला.

दुसरी चूक माझी, पण डब्यानं सांगायला हवं होतं. वेगाचा सेन्सर जोडला की अंतर चाकाच्या परिघावरून मोजलं जातं, जीपीएसवरून नाही. मी २५ मिलिमीटर रुंदीचा टायर काढून २८चा घातला आणि परिघ २१०५ मिलिमीटर तसाच ठेवला. हवा होता २१३६. दीड टक्का. आता बघा गंमत. एडिंग्टन आकडा ६०वर अडकलेला, ६१साठी एकच राइड कमी. रविवारी बाभळीच्या काट्यांनी दोनदा पंक्चर केलं, हाताला काळं, अंगात त्राण नाही, आणि फाटकाशी डब्यावर ६०.६. पुन्हा फेऱ्या मारायच्या? नाही मारल्या. अंघोळ करून आलो, ताळा करायला बसलो आणि टायर आठवला. राइड नोंदवायच्या स्ट्राव्हा अ‍ॅपच्या वेबसाइटवर जीपीएसवरून अंतर दुरुस्त करायची सोय आहे, तिनं ६१.४ दिलं. तीन आठवड्यांच्या सगळ्या राइड तशाच दुरुस्त केल्या आणि शेरा लिहिला : ‘परिघ चुकीचा, दुरुस्त नोंद.’ ऑडिटरनं विचारलं तर कागद पाहिजे.

तिसरी तक्रार चार्जिंगच्या भोकावरच्या रबरी टोपणाची. सातव्या महिन्यात ते तुटलं. सर्व्हिसवाल्यांनी डबाच पाठवायला सांगितला, पाच आठवडे लावले आणि टोपण लावून परत दिला. टोपणासाठी पाच आठवडे! ते पाच आठवडे मी परत मोबाईलवर.

घ्यावा का? रोज पंचवीस-तीस करणार असाल तर नको, मोबाईल खिशात ठेवून चालू करा, नोंद तीच होते. शंभरच्या पुढे जायचं असेल, रात्री परतायचं असेल, बीआरएम मनात असेल, तर घ्या, आणि सोबत वेगाचा सेन्सर घ्या. छातीचा पट्टा मी उन्हाळ्यात लावत नाही, घामोळं येतं.

माझा आकडा सध्या ६१. वहीत ६२ किंवा जास्तच्या राइड भरतात ५८. म्हणजे चार रविवार. पण पुढच्या रविवारी साडूंकडे बारसं आहे, बार्शीला. बार्शी एका बाजूनं सत्तर. बायको मुलांना घेऊन एसटीनं यायला तयार झालीय, माझे बरे कपडे तिच्या पिशवीत जाणार आहेत.